अद्भुतकथेतील वयाचा हिशेब

अद्भुत कथेस काळाचे बंधन असावे की नसावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटण्याचा संभव आहे. ज्या कथेत मुले खराट्यावर बसून आकाशात उडतात, चित्रांतील माणसे आपली चौकट सोडून शेजारच्या चित्रात भेटीस जातात, आणि घुबडे घरोघर टपाल पोहोचवितात, त्या कथेतील अमुक पात्र अमुक साली किती वर्षांचे होते हे विचारीत बसणे म्हणजे लग्नाच्या पंक्तीस बसून आचाऱ्याचे गोत्र विचारण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या दोन उन्हाळी सुट्यांत आमच्या घरी ह्याच प्रश्नाचा इतका खल झाला, आणि त्या खलातून मला स्वतःस इतके काही उमगले, की ते वाचकांपुढे ठेवणे अस्थानी होणार नाही असे वाटते.

हॅरी पॉटर ह्या इंग्रज मुलाची कथा बहुतेक घरांतील मुलांस तोंडपाठ आहे. वडीलधाऱ्या मंडळींकरिता ती थोडक्यात सांगतो. जे. के. रोलिंग ह्या लेखिकेचे सात ग्रंथ १९९७ ते २००७ ह्या दहा वर्षांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांवरून २००१ ते २०११ ह्या काळात आठ चित्रपट निघाले. आईबापांवेगळा एक मुलगा मावशीच्या घरी हिडिसफिडिस सोसून वाढतो. अकराव्या वर्षी त्यास कळते की आपले आईवडील जादूगार होते, आणि आपण पंधरा महिन्यांचे असताना एका दुष्ट जादूगाराने त्यांस ठार केले. मग तो हॉगवर्ट्स नावाच्या निवासी विद्यालयात जातो; पुढील सात वर्षांची हकीकत म्हणजेच ते सात ग्रंथ होत. ह्याखेरीज त्याच सृष्टीतील, परंतु साठसत्तर वर्षे आधी घडलेल्या कथानकावर आणखी तीन चित्रपट २०१६, २०१८ व २०२२ साली आले. त्यांचा नायक न्यूट स्कमँडर हा अद्भुत प्राण्यांचा अभ्यासक आहे.

आमचे कुटुंब एकत्र आहे. माझी नात शर्वरी आणि धाकट्या बंधूंचा नातू ओंकार ह्या दोघांनी हे ग्रंथ इतक्या वेळा वाचले आहेत की वैदिकाने संहिता म्हणावी तसे ती ते म्हणून दाखवितात. माझे स्वतःचे इंग्रजी शालान्त परीक्षेपुढे फारसे गेले नाही. त्यानंतर मी पाठशाळेत काव्य व व्याकरण शिकलो आणि सदतीस वर्षे संस्कृत शिकविले. त्यामुळे ग्रंथांतील स्थळे मुलांनी मला अर्थ सांगून वाचून दाखविली, आणि चित्रपट आम्ही सर्वांनी एकत्र बसून पाहिले. भाषा परकी असली तरी ग्रंथातील पूर्वापर संबंध लावणे हे माझे जन्माचे काम. तेव्हा मुलांच्या वादात मला ओढून घेण्यास त्यांस फार आग्रह करावा लागला नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ह्या कथेचा काळ लेखिकेने आरंभी उघड सांगितलेला नाही. पहिल्या ग्रंथात कथेचा सन कोठेही नाही. दुसऱ्या ग्रंथात मात्र एक खूण सापडते. शाळेत वावरणारे एक भूत आपल्या मृत्यूचा पाचशेवा वाढदिवस साजरा करते, आणि त्याच्या मृत्यूचा दिवस ३१ ऑक्टोबर १४९२ असा तेथे दिला आहे. त्यात पाचशे मिळविले की १९९२ येते. एवढ्या एका खुंटीवर सर्व कालगणना टांगली गेली. तिच्यावरून हॅरीचा जन्म १९८० सालचा, विद्यालयातील प्रवेश १९९१ सालचा आणि शेवटचे युद्ध १९९८ सालचे, असे सर्व क्रमाने निघाले. शिलालेखातील एका ग्रहणावरून एखाद्या राजाचा काळ ठरवावा, तसाच हा प्रकार. पुढे सातव्या ग्रंथात आईवडिलांच्या थडग्यावरील तारखा छापल्या गेल्या, आणि हा हिशेब बरोबर असल्याचे सर्वांस दिसून आले.

एकदा सन हाती आला की तपासणीस ऊत येतो. ओंकाराने जुन्या दिनदर्शिका धुंडाळून वार काढले. ग्रंथात हॅरीचा अकरावा वाढदिवस मंगळवारी येतो. परंतु ३१ जुलै १९९१ रोजी बुधवार होता. कथेचा आरंभ होतो तो दिवसही मंगळवार सांगितला आहे. वस्तुतः १ नोव्हेंबर १९८१ रोजी रविवार होता. चौथ्या ग्रंथात हॅरीचा मावसभाऊ १९९४ च्या उन्हाळ्यात रागाने आपले प्लेस्टेशन नावाचे खेळण्याचे यंत्र खिडकीबाहेर फेकून देतो. ते यंत्र जपानात प्रथम विक्रीस आले तेच मुळी त्या वर्षीच्या डिसेंबरात, आणि युरोपात त्याच्याही पुढच्या वर्षी. सहाव्या चित्रपटात लंडनच्या टेम्स नदीवरील मिलेनियम पूल दुष्टांच्या मायेने कोसळताना दिसतो. कथेतील तो काळ १९९६ चा, आणि तो पूल लोकांसाठी खुला झाला २००० साली! म्हणजे जो पूल बांधलाच गेला नव्हता तो पडला.

ह्या चुका ऐकून आमच्या घरी पुष्कळ हशा पिकला. परंतु मला त्यांचे काही वाटले नाही, आणि मुलांनाही मी तसेच सांगितले. वार चुकला म्हणून त्या अनाथ मुलाच्या वाढदिवसाचे दुःख कमी होत नाही. पुलाच्या जागी दुसरा पूल घातला तरी भय तेवढेच राहते. हे दोष वस्त्रावरील डागासारखे आहेत. धुतले तर बरे, राहिले तरी वस्त्र नेसता येते. वयाच्या चुकीची गोष्ट मात्र निराळी आहे, असे मला पुढे पुढे वाटू लागले.

ह्या प्रकारातील अत्यंत प्रसिद्ध उदाहरण मॅक्गोनगल ह्या करड्या शिस्तीच्या शिक्षिकेचे. पाचव्या ग्रंथात शाळेची तपासणी करण्यास सरकारकडून एक बाई येतात आणि ह्या शिक्षिकेस त्यांच्या नोकरीची वर्षे विचारतात. येत्या डिसेंबरात एकोणचाळीस वर्षे होतील, असे त्या सांगतात. तो प्रसंग १९९५ सालचा. तेव्हा त्यांची नोकरी १९५६ च्या डिसेंबरात सुरू झाली. लेखिकेने अन्यत्र दिलेल्या चरित्रावरून त्यांचा जन्म १९३५ च्या सुमाराचा ठरतो. २००० साली लेखिकेने त्यांचे वय सत्तर सांगितले होते. तो आकडा धरला तरी जन्म फार तर पाचसहा वर्षे मागे जाईल. असे असताना २०१८ साली आलेल्या चित्रपटात, जेथे कथानक १९२७ सालचे आहे तेथे, ह्याच बाई विद्यालयात शिकविताना दिसतात! इतकेच नव्हे, तर न्यूट स्कमँडरच्या शाळकरी दिवसांची आठवण दाखविली आहे, तीतही त्या आहेतच. न्यूट जन्मला १८९७ साली. म्हणजे आपल्या जन्मापूर्वी वीस वर्षे त्या मुलांस शिक्षा करीत होत्या.

ओंकार हा समेट करणारा मुलगा. तो म्हणाला, "आजोबा, ती त्यांची आत्या असेल. आडनाव एक, चेहरामोहरा एक, म्हणून आपण फसलो."

शर्वरीने तत्काळ उत्तर केले, "आत्या कशी असेल रे? त्यांचे वडील साधे पाद्री होते, त्यांना जादू मुळीच येत नव्हती. जादू आली ती आईकडून. मग वडिलांच्या आडनावाची जादूगार आत्या आणायची कोठून?"

पिढ्यान्‌पिढ्या कुळ आणि गोत्र पाहून सोयरीक जुळविणाऱ्या आमच्या घरात ह्या युक्तिवादाचे वजन सर्वांस पटले. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पोरगी वकील होईल." ह्यात विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की त्या चित्रपटाची पटकथा दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही, मूळ लेखिकेनेच लिहिली आहे. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी आपणच छापलेले वचन आपणच मोडले. प्रेक्षकांस ओळखीचा चेहरा दाखवून आनंद द्यावा, एवढाच हेतु असावा. तो आनंद क्षणभर मिळतोही. परंतु त्यासाठी त्या शिक्षिकेचे तारुण्यच पुसले गेले. वर सांगितलेल्या चरित्रात त्यांच्या तारुण्यातील एक मोडलेले प्रेम आहे, राजधानीतील सरकारी कचेरीत काढलेली दोन वर्षे आहेत, आणि तेथून मन विटल्यावर विद्यालयात परत येणे आहे. त्या जर सदासर्वकाळ विद्यालयातच होत्या, तर हे सर्व घडले केव्हा?

वयाच्या हिशेबाने उलट एकदा सत्यही शोधून काढले, हेही सांगितले पाहिजे. त्याच २०१८ च्या चित्रपटाच्या अखेरीस क्रीडन्स नावाच्या अनाथ तरुणास सांगण्यात येते की तू विद्यालयाचे थोर आचार्य डंबलडोर ह्यांचा भाऊ आहेस. चित्रपट संपतो न संपतो तोच जगभरचे वाचक हिशेबास बसले. डंबलडोर जन्मले १८८१ साली. ते विद्यालयात दाखल होण्यापूर्वीच त्यांचे वडील तुरुंगात गेले व तेथेच वारले. आई १८९९ साली वारली. आणि हा तरुण तर १९०१ च्या सुमारास अर्भक होता. मृत माता आणि बंदीवान पिता ह्यांस पुत्र व्हावा कसा? कोणी म्हणाले लेखिका विसरली. कोणी म्हणाले सांगणारा खलपुरुष खोटे बोलतो आहे. २०२२ च्या तिसऱ्या चित्रपटात उलगडा झाला की तो आचार्यांचा भाऊ नसून त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा आहे. रक्त तेच, पिढी निराळी. केवळ बेरीज-वजाबाकीने वाचकांनी सांगितले होते की भावाचे नाते संभवत नाही, आणि ते खरे ठरले.

हे सर्व ऐकताना मला पाठशाळेतील दिवस आठवत होते. वाल्मीकिरामायण शिकताना आमचे गुरुजी ह्याच प्रकारच्या प्रश्नावर दोन दिवस थांबले होते. विश्वामित्र रामास मागावयास येतात तेव्हा दशरथ म्हणतो की राम अद्याप सोळा वर्षांचाही नाही. वनवासाची वार्ता ऐकून कौसल्या शोक करते तेव्हा ती रामाच्या जन्मापासून सतरा वर्षे लोटल्याचे म्हणते. आणि पुढे अरण्यात सीता रावणास सांगते की वनवासास निघताना पतीचे वय पंचवीस होते व माझे अठरा. शिवाय विवाहानंतर सासरी बारा वर्षे राहिल्याचेही ती सांगते. ही वचने जुळावी कशी? टीकाकारांनी ह्यावर पुष्कळ बुद्धी खर्च केली आहे. कौसल्येची सतरा वर्षे उपनयनरूपी दुसऱ्या जन्मापासून मोजावी, असा एक मार्ग त्यांनी काढला. तो कोणास पटो वा न पटो. परंतु ते हा खटाटोप का करीत होते, हे आमच्या गुरुजींनी एका वाक्यात सांगितले. ज्या माणसांवर आपले प्रेम असते त्यांचे वय आपल्यास ठाऊक असावे असे वाटते, असे ते म्हणाले. त्या वेळी ते वाक्य मी वहीत उतरून घेतले, एवढेच. त्याचा अर्थ कळावयास चाळीसांहून अधिक वर्षे लागली.

शिक्षकाच्या धंद्यात जन्मतारखेस फार मान असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात जी तारीख पडते तीच माणसास जन्मभर चिकटते. तिच्यावरून परीक्षा, तिच्यावरून नोकरी, तिच्यावरून निवृत्ती. आणि आपल्या महाराष्ट्रात जुन्या पिढीतील किती माणसे एक जूनला जन्मली आहेत हे ज्याने रजिस्टरे चाळली आहेत त्यासच ठाऊक! पालकांस तारीख आठवत नसे. आठवे ते एवढेच की त्या साली पूर आला होता, किंवा थोरलीचे लग्न झाले होते. मग गुरुजी मुलाकडे एकवार पाहून, प्रवेशास बसेल असे वर्ष धरून, एक जून लिहून टाकीत. त्यामुळे कागदावरचे वय एक आणि हाडामासाचे वय दुसरे, अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. कागदावर अठ्ठावन्न म्हणून घरी बसविलेला धडधाकट मनुष्यही पाहिला आहे, आणि कागदावर पंचावन्न म्हणून तीन वर्षे आणखी ओढावी लागलेला थकलेला शिपाईही पाहिला आहे. वय हा नुसता आकडा आहे असे म्हणणारांनी ह्या दोघांस एकदा भेटावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. सातव्या ग्रंथात हॅरी एका हिमाच्छादित रात्री आपल्या आईवडिलांच्या थडग्यापाशी प्रथमच उभा राहतो. तेथे लिहिलेल्या तारखा अशा आहेत: पिता जेम्स, जन्म २७ मार्च १९६०; माता लिली, जन्म ३० जानेवारी १९६०; दोघांचा मृत्यू ३१ ऑक्टोबर १९८१. शर्वरीने हे वाचून दाखविले तेव्हा मी तिला थांबविले आणि पुन्हा वाचावयास सांगितले. माझाही जन्म १९६० सालचा.

एकवीस वर्षे! म्हणजे ती दोघे माझ्या वर्गातली. १९८१ च्या जूनमध्ये मी नोकरीस लागलो. पहिला पगार आईच्या हाती ठेवला, आणि पोस्टात खाते कसे उघडावे हे मला ठाऊक नव्हते म्हणून एका वडील सहकाऱ्यास बरोबर घेऊन गेलो. एकविसाव्या वर्षी माणसास जगाची समज किती असते हे मला चांगले स्मरते. त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडी, कथेतील त्या घरात, तेवढ्याच वयाचा एक पोरसवदा बाप निःशस्त्र स्थितीत दारात उभा राहिला, आणि तेवढ्याच वयाची आई पाळण्याच्या आड आली. त्यांनी त्या मुलासाठी काय टाकून दिले? तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी. मी आजवर जे जे उपभोगले ते सर्व. आकडा पाहिल्यावाचून ह्या त्यागाचे माप कळत नाही.

चित्रपटात हेच माप हरवले आहे. पहिल्या चित्रपटात एका मायावी आरशात हॅरीस आपले आईवडील मागे उभे असलेले दिसतात. त्या भूमिका करणाऱ्या नटाचे वय २००१ साली त्रेचाळीस होते, आणि नटीचे चौतीस. दहा वर्षांनी निघालेल्या अखेरच्या चित्रपटात, हॅरी मरणास सामोरा जावयास अरण्यात निघतो तेव्हा मृत आईबाप त्याच्या सोबतीस येतात. तोपर्यंत नटाने पन्नाशी ओलांडली होती आणि नटीने चाळिशी. पाहणारास वाटते, प्रौढ मातापिता मुलास धीर देत आहेत. ग्रंथातला प्रसंग ह्याहून निराळा आहे. त्या वेळी हॅरी पावणेअठरा वर्षांचा आहे, आणि त्याचा बाप साडेएकवीसचा. दोघांत चार वर्षांचेही अंतर उरलेले नाही. बापाच्या जागी थोरला भाऊ शोभावा, असे ते दोन तरुण शेजारी शेजारी चालत आहेत, आणि त्यांतील एक दुसऱ्यास मरावे कसे हे शिकवीत आहे. ह्या दृश्याने माझ्या अंगावर काटा आला. चित्रपटाने तो आला नाही.

मला तो काटा का आला, हेही सांगतो. माझे वडील १९६३ साली विषमज्वराने वारले. त्यांचे वय सव्वीस होते, माझे तीन. आमच्या माजघरात त्यांचे एक छायाचित्र आहे: काळा कोट, डोकीस टोपी, आणि ओठांवर नुकती फुटलेली मिशी. आई त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे जगली. उतारवयात त्या छायाचित्रास हार घालताना ती एकदा म्हणाली होती, "मी म्हातारी झाले, हे तिथेच राहिले." मी लहान असताना त्या चित्रातला मनुष्य मला मोठा वाटे, कारण तो बाप होता. पुढे मी त्याच्या वयाचा झालो, आणि मग त्यास मागे टाकून निघालो. आज माझा थोरला मुलगा त्यांच्याहून दहाबारा वर्षांनी वडील आहे. ओंकाराने एकदा सहज विचारले, "आजोबा, हे तुमचे वडील? मग ते काकांपेक्षा लहान कसे?" मला उत्तर सुचले नाही. परंतु त्या प्रश्नाने मी वडिलांकडे प्रथमच एक तरुण मुलगा म्हणून पाहिले. ज्वर चढत असताना ह्या मुलास काय वाटले असेल, हे मनात आले. त्याआधी मला माझ्या पोरकेपणाचे दुःख ठाऊक होते. त्यांचे दुःख ठाऊक नव्हते.

चित्रपटकारांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही मांडली पाहिजे. पहिल्या चित्रपटाची पात्रयोजना झाली त्यानंतर सहासात वर्षांनी थडग्यावरील तारखा छापल्या गेल्या. शिवाय आईवडिलांचा सहाध्यायी जो स्नेप, तोही ग्रंथाप्रमाणे १९६० सालचाच, म्हणजे कथारंभी एकतीस वर्षांचा. ती भूमिका केली अ‍ॅलन रिकमन ह्या नटश्रेष्ठाने, आणि २००१ साली त्यांचे वय पंचावन्न होते. २०१६ साली ते वारले तेव्हा आमच्या शर्वरीने दोन दिवस नीट जेवण केले नाही. त्यांच्यावाचून स्नेपची कल्पनाच करवत नाही, हे मीही मान्य करतो. मात्र हिशेब सांगतो तेही ऐकावे. पंचावन्न वर्षांच्या मनुष्याने शाळेतील अपमान मनात जपला, तर तो दीर्घद्वेषी वाटतो. एकतीस वर्षांच्या मनुष्याने जपला, तर ज्या स्त्रीवर त्याने जीव टाकला तिला जाऊन दहाच वर्षे झाली आहेत, जखम ओली आहे, आणि समोर तिचेच डोळे असलेला मुलगा येऊन बसला आहे, हे ध्यानात येते. मग त्याचा कडवटपणा क्षम्य नसला तरी समजण्याजोगा होतो.

आणखी एक योगायोग मला विलक्षण वाटला. कथेच्या शेवटी एकोणीस वर्षांनंतरचे दृश्य आहे: हॅरी सदतीस वर्षांचा, आपल्या मुलास विद्यालयाच्या गाडीत बसवून देण्यास आलेला. पहिल्या खेपेस रंगभूषा मनाजोगी साधली नाही म्हणून ते दृश्य २०१० च्या डिसेंबरात पुन्हा चित्रित केले. हॅरीची भूमिका करणारा डॅनियल रॅडक्लिफ जन्मला २३ जुलै १९८९ रोजी. म्हणजे त्या दिवशी तो एकवीस वर्षे पाच महिन्यांचा होता. जेम्स मेला तेव्हा त्याचे वय जवळजवळ हेच होते. जो तरुण चेहरा त्या मृत पित्यास हवा होता, तो समोर असताना त्यावर सुरकुत्या रंगवून त्यास प्रौढ बनविले गेले, आणि पित्याच्या जागी पन्नाशीचा मनुष्य उभा राहिला.

हे मी मुलांना सांगितले तेव्हा शर्वरी म्हणाली, "पण आजोबा, अरण्यातल्या त्या प्रसंगी मला चित्रपटातही रडू आले." तेही खरेच आहे. आईबापांस हाक मारणारे मूल दिसले की डोळे भरतातच. त्यास हिशेब लागत नाही. परंतु ती रडली ती हॅरीसाठी. जेम्स आणि लिली ह्यांच्यासाठी रडावयाचे असेल तर त्यांचे वय ठाऊक पाहिजे. जादूच्या कथेत लेखकास सर्व काही करण्याची मुभा आहे. माणूस उडवावा, अदृश्य करावा, मांजर करावा. वाचक ते सर्व मुकाट्याने मान्य करतो, कारण उडण्याचा अनुभव त्यास नसतोच. वय मात्र प्रत्येकाने स्वतः भोगलेले असते. एकवीस म्हणजे काय आणि पंचावन्न म्हणजे काय हे तो घरून शिकून आलेला असतो. तेथे फसवणूक झाली की त्याचे मन कथेतून उठून बाहेर येते.

तेव्हा घरातील मुले एखाद्या चित्रपटमालिकेतील पात्रांची जन्मवर्षे कागदावर मांडून हुज्जत घालीत बसलेली दिसली, तर वडीलधाऱ्यांनी त्यांस रिकामटेकडी म्हणून उठवू नये. आणि जमल्यास तोच कागद त्यांच्याकडून घरातल्या माणसांसाठीही करवून घ्यावा. आपण मुलांस पूर्वजांविषयी सांगतो ते पणजोबा, पणजी, खापरपणजोबा अशा नात्यांनी सांगतो, आणि त्यामुळे ती सर्व माणसे मुलांच्या मनात जन्मतःच म्हातारी होऊन बसतात. पणजी ह्या घरात आली तेव्हा किती वर्षांची होती, पणजोबांनी गाव सोडले तेव्हा त्यांच्या पाठीशी किती मुले होती व थोरले केवढे होते, हे सांगितले की तीच माणसे मुलांस आपल्या जवळची वाटू लागतात. आमच्या भिंतीवरील छायाचित्रांखाली आजवर केवळ नावे होती. ह्या सुटीत शर्वरी व ओंकार ह्यांनी सर्व कागदपत्रे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून प्रत्येकाखाली जन्माचे व मृत्यूचे वर्ष लिहिले, आणि छायाचित्र काढले त्या दिवशीचे वयही लिहिले. दोन ठिकाणी एक जून आला आहे. तेथे ओंकाराने पुढे प्रश्नचिन्ह केले आहे, आणि ते मी तसेच राहू दिले आहे.